‘उद्या नक्की’ म्हणण्याआधी: होमस्टेवाल्यांसाठी रोजचं आणि उद्याचं फ्रेंच

रेवदंड्याच्या होमस्टेवाल्यांसाठी केलेल्या व्हिडिओत फ्रेंच पाहुण्यांशी बोलायची आठ-दहा वाक्यं सांगितली होती. व्हिडिओत वेळ कमी पडला आणि मुख्य मुद्दा घाईत गेला. तो इथे नीट लिहून काढतोय. वही-पेन घेऊन बसा.

सुरुवात एका प्रसंगाने करतो. रेवदंड्यातल्या एका ताईंकडे सप्टेंबरच्या शेवटी फ्रान्सचं एक जोडपं उतरलं होतं. घर वाडीत, नारळ-सुपारीच्या सावलीत. जेवण उत्तम, खोली स्वच्छ. पाहुण्यांनी विचारलं, उद्या जंजिऱ्याला जाता येईल का? ताई आपल्या सवयीने म्हणाल्या, ‘येस येस, टुमारो जंजिरा.’ मनात होतं ‘बघू, जमलं तर नेऊ.’ दुसऱ्या दिवशी समुद्र खवळलेला, राजपुरीहून होड्या सुटत नव्हत्या. पाहुणे आवरून, बूट घालून सकाळी सातला ओटीवर उभे! त्यांनी त्या दिवसाचं दुसरं सगळं रद्द केलेलं होतं. जाताना हसून गेले, पण नंतर नेटवर लिहिलं की माणसं प्रेमळ आहेत, बोलल्याप्रमाणे होईलच असं मात्र धरू नका.

आता सांगा, ताईंचं काय चुकलं? समुद्र त्यांच्या हातात नव्हता. हातात होतं ते एक वाक्य. पाहुण्यांच्या धंद्यात आपण खोली विकतो, जेवण विकतो, पण सगळ्यात जास्त विकतो तो ‘उद्याचा दिवस’. आणि उद्याबद्दल बोलताना किती खात्री आहे, हे समोरच्याच्या भाषेत सांगता आलं पाहिजे. मोबाइलवरचं भाषांतर शब्द देईल. खात्री किती द्यायची, ते तुम्हीच ठरवायचं.

आधी रोजचं बोलणं

पाहुणे पहिल्या संध्याकाळी हमखास विचारतात की तुम्ही दिवसभर काय करता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असतं. इथे फ्रेंच आपल्याला सोपी जाते, कारण रोजच्या गोष्टींना साधा वर्तमानकाळ पुरतो. ‘मी करते’ आणि ‘मी करतेय’ या दोन्हींसाठी फ्रेंचमध्ये एकच रूप चालतं. शिवाय करतो-करते असा पुरुष-बाईचा भेद या क्रियापदात नाही.

(उच्चार देवनागरीत अंदाजे दिलेत. ‘झ’ म्हणजे ‘प्लेझर’मधला मऊ झ. चंद्रबिंदू असेल तिथे आवाज नाकातून.)

- झ म लेव्ह आ सँकर. म्हणजे, मी पाचला उठते.
- झ प्रेपार ल पती देझने. म्हणजे, मी नाश्ता बनवते.
- झ व्हे ओ मार्शे. म्हणजे, मी बाजारात जाते.
- झ त्राव्हाय दाँ ल झार्दँ. म्हणजे, मी वाडीत काम करते.

पहिल्या वाक्यातला ‘म’ बघा. फ्रेंच माणूस ‘मी उठतो’ म्हणताना जणू ‘मी स्वतःला उठवतो’ असं म्हणतो. उठणं, अंघोळ, आराम अशी स्वतःची कामं बहुतेक अशीच येतात. तो ‘म’ विसरलात तर वाक्य अर्धवट राहतं.

मासळीबद्दल एक इशारा. मासा म्हणजे ‘प्वासॉं’, मधे स. तिथे झ आला की ‘प्वाझॉं’ होतं, म्हणजे विष! ‘आज रात्री ताजं विष आहे’ असं सांगायचं नसेल तर स घट्ट धरा.

जेवणांच्या नावांतही घोळ आहे. फ्रान्समध्ये नाश्ता ‘पती देझने’, दुपारचं जेवण ‘देझने’, रात्रीचं ‘दिने’. पण बेल्जियम, स्वित्झर्लंड आणि कॅनडातल्या क्वेबेकमध्ये फ्रेंच बोलणारे ‘देझने’ नाश्त्याला म्हणतात आणि ‘दिने’ दुपारच्या जेवणाला. म्हणून नुसतं नाव सांगून थांबू नका, पुढे वेळ जोडा. वेळ सांगितली की घोळ संपला.

दर सोमवारी की येत्या सोमवारी?

समजा, दर सोमवारी तुमचं स्वयंपाकघर बंद असतं. फ्रेंचमध्ये ‘ल लँदी’ म्हणजे दर सोमवारी, आणि नुसतं ‘लँदी’ म्हणजे हा येणारा सोमवार. मधे फक्त एक ‘ल’. ‘ल लँदी, ऑन्ए फेर्मे’ म्हणजे सोमवारी आम्ही बंद असतो, नेहमीच. ‘ल’ काढलात तर पाहुण्याला वाटेल, या एकाच सोमवारी बंद. तसंच ‘ल मातँ’ म्हणजे रोज सकाळी, आणि ‘दमँ मातँ’ म्हणजे उद्या सकाळी. पाटी लिहिताना हा ‘ल’ दोनदा तपासा.

उद्याच्या चार पायऱ्या

आता मुख्य मुद्दा. मराठीत आपण उद्याबद्दल किती तऱ्हेने बोलतो ते आठवा. ‘आलोच.’ ‘जाणार आहोत.’ ‘जाऊ.’ ‘बघू.’ चारही उद्याच्याच गोष्टी, पण खात्री वेगवेगळी. फ्रेंचमध्येही जवळजवळ अशाच चार पायऱ्या आहेत. म्हणून इंग्रजीच्या वाटेने न जाता सरळ मराठीतून फ्रेंचमध्ये उतरा, सोपं पडतं.

पहिली पायरी: ‘आलोच’. पाहुण्याने हाक मारली, तुम्ही अजून विहिरीपाशी आहात, तरी ओरडून सांगता ‘आलोच!’ अजून आलेला नसताना आपण भूतकाळ वापरतो. फ्रेंच माणूस इथे वर्तमानकाळ वापरतो: ‘झारीव्ह!’ शब्दशः ‘पोचतोय’. हे म्हटलं की मिनिट-दोन मिनिटांत हजर व्हा. अर्धा तास लागणार असेल तर हा शब्द वापरू नका.

दुसरी पायरी: ‘जाणार आहोत’. ठरलेली गोष्ट. इथे ‘जाणे’ हे क्रियापद आणि पुढे कामाचं मूळ रूप. एवढं पाठ करा: मी असेन तर ‘झ व्हे’, आपण असू तर ‘ऑं व्हा’, तुम्ही असाल तर ‘व्हूझाले’.

- ऑं व्हा व्हिझिते ल फॉर. म्हणजे, आपण किल्ला बघणार आहोत.
- झ व्हे आशते द्यू प्वासॉं. म्हणजे, मी मासळी आणणार आहे.

यातला ‘ऑं’ आपल्याला फार सोयीचा आहे. बोलण्यातल्या ‘आपण’सारखा तो वापरता येतो, पाहुण्याला बरोबर घेणारा. आणि ‘व्हू’ म्हणजे ‘तुम्ही’, आदराचं आणि अनेकवचनाचंही. ‘अरे-तुरे’चा शब्द वेगळा आहे, पाहुण्यांशी तो वापरायचा नाही.

तिसरी पायरी: ‘जाऊ’, ‘करीन’. इथे क्रियापदच बदलतं. ‘झिरे’ म्हणजे मी जाईन, ‘ऑनिरा’ म्हणजे आपण जाऊ, ‘झ व्हू दिरे’ म्हणजे मी तुम्हाला सांगेन. हे रूप थोड्या लांबच्या गोष्टीला, अटीच्या गोष्टीला आणि शब्द देताना येतं. बोलताना फ्रेंच लोक दुसरी आणि तिसरी पायरी बरेचदा सरमिसळ वापरतात, त्यामुळे चुकलं तर आभाळ कोसळत नाही. तरी ठरलेल्या बेताला दुसरी आणि अटीवरच्या बेताला तिसरी, अशी सवय लावलीत तर तुमच्याच डोक्यात स्पष्टता येते.

चौथी पायरी: ‘बघू’. फ्रेंचमध्ये अगदी हाच शब्द आहे: ‘ऑं व्हेरा’. ‘बघणे’चं भविष्यरूप, अर्थही तोच. जोडीला ‘पतेत्र’, म्हणजे कदाचित. आणि ‘स ने पा स्यूर’, म्हणजे खात्री नाही.

आपल्याकडे ‘बघू’चा अर्थ कधी ‘विचार करतो’ असतो, तर कधी सभ्य ‘नाही’. फ्रेंच माणसालाही नुसतं ‘ऑं व्हेरा’ टाळाटाळीचं वाटू शकतं. म्हणून एक नियम करा: ‘बघू’ कधीही एकटं सोडायचं नाही, उत्तर कधी देणार ते लगेच सांगायचं. ‘ऑं व्हेरा. झ व्हू दिरे आ सीझर.’ बघू, सहाला सांगते. आणि सहाला खरंच सांगायचं, उत्तर ‘नाही’ असलं तरी.

‘तर’ची जागा

ताईंच्या प्रसंगात कामी आलं असतं ते हे वाक्य:

सी ला मेर ए काल्म, ऑनिरा आ जंजिरा.

म्हणजे, समुद्र शांत असेल तर जंजिऱ्याला जाऊ. ‘सी’ म्हणजे जर. इथे मराठी माणूस ठरून चुकतो. आपण म्हणतो ‘शांत असेल तर’, म्हणजे अटीतही भविष्यकाळ. फ्रेंचमध्ये ‘सी’च्या या वाक्यात भविष्यकाळ चालत नाही, वर्तमानकाळच लागतो. शब्दशः ‘समुद्र शांत आहे तर, जाऊ.’ भविष्यकाळ फक्त दुसऱ्या अर्ध्यात.

आणि अट सांगून थांबू नका, दुसरा पर्यायही द्या: ‘सीनॉं, ऑं व्हिझितरा ल फॉर द कोर्लाई.’ नाहीतर कोर्लईचा किल्ला बघू. साळावचा पूल ओलांडला की कोर्लई, होडीची गरज नाही. पाहुण्याला दोन्ही शक्यता आदल्या रात्री कळल्या, तर सकाळी समुद्र खवळला तरी दिवस वाया जात नाही. तो निराश होत नाही, तुम्हीही खोटे पडत नाही.

पावसाळ्यात तर ‘सी’ची सुद्धा गरज नाही. तेव्हा जंजिऱ्याच्या होड्या बंदच असतात. मग ‘बघू’ न म्हणता सरळ ‘नॉं’ म्हणा. स्पष्ट नकाराने पाहुणा दुरावत नाही.

चौल बंदरातली एक जुनी गोष्ट

फ्रेंच माणूस आणि ‘उद्याचा शब्द’ यांची एक गोष्ट आपल्याच दारातली आहे. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच माणूस चौल बंदरात उतरला आणि तिथून पुण्याला नाना फडणविसांकडे गेला. फ्रान्सकडून सैन्य येईल, शस्त्रं येतील, अशी त्याची बोलणी. पुण्यात त्याची चांगली बडदास्त राहिली. पुण्यातला इंग्रजांचा वकील मॉस्टिन आणि मुंबईचे इंग्रज मात्र अस्वस्थ झाले. प्रत्यक्षात सैन्य काही आलं नाही आणि १७७८ मध्ये सेंट लुबिन पुणे सोडून गेला. इंग्रजांच्या मनात बसलेली फ्रेंचांची धास्ती मागे उरली. त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईची फौज पुण्यावर चालून निघाली, त्यामागच्या कारणांत ही धास्ती एक होती. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्या फौजेला शरण यावं लागलं, तो भाग आपण शाळेत शिकलोय.

नाना काही भोळे नव्हते. इंग्रजांना वचक बसावा म्हणून त्यांनी या पाहुण्याचा उपयोग करून घेतला, असं मानलं जातं. पण आपल्यासाठी धडा असा, की ‘येईल’ आणि ‘येणार आहे’ यातलं अंतर ऐकणारा मनात नोंदवून ठेवतो, आणि शब्द पाळला गेला नाही तर पुढच्या बोलण्याची किंमत उतरते. फौजेचं जे, तेच होडीचं आणि नाश्त्याचं.

दिवस, तास आणि ओहोटी

आता वेळेच्या शब्दांतले सापळे. बेत फिसकटतात ते बहुतेक इथेच.

*परवा.* आपला ‘परवा’ दोन्ही बाजूंना चालतो, गेलेला आणि येणारा. फ्रेंचमध्ये दोन वेगळे शब्द आहेत: येणारा परवा ‘आप्रे दमँ’, गेलेला परवा ‘आव्हाँत्येर’. गाडी परवा येणार असेल तर वारही सांगा.

*आठ दिवस.* इथे फ्रेंच अगदी आपल्यासारखी. ‘दाँ वी झूर’ म्हणजे शब्दशः आठ दिवसांनी, अर्थ मात्र आठवड्याने. ‘कँझ झूर’ म्हणजे पंधरा दिवस, अर्थ दोन आठवडे. आपला पंधरवडाच! पण तुम्हाला मोजून आठ रात्री म्हणायचं असेल तर तारखा लिहून द्या.

*तासाने आणि तासात.* ‘दाँझ्यून अर’ म्हणजे एका तासाने: जेवण एका तासाने मिळेल. ‘आँन्यून अर’ म्हणजे एका तासात: किल्ला एका तासात बघून होतो. ‘दाँ’ आणि ‘आँ’ यांची अदलाबदल झाली तर पाहुणा भलत्या वेळी ताटावर येऊन बसेल.

*सव्वा, साडे, पावणे.* घाबरू नका. फ्रेंचमध्ये साडेसात म्हणजे ‘सात आणि अर्धा’, सव्वासात म्हणजे ‘सात आणि पाव’, आणि पावणेआठ म्हणजे ‘आठ, उणे पाव’. आपला पावणे शब्दही ‘पाव उणे’ याच अर्थाचा. फक्त एक लक्षात ठेवा, फ्रान्समध्ये वेळापत्रकं २४ तासांच्या घड्याळावर चालतात. रात्री आठचं जेवण म्हणजे ‘व्हँतर’, वीस वाजता. पाटीवर २०:०० लिहिलंत तर सकाळ-संध्याकाळचा प्रश्नच येत नाही.

*भरती-ओहोटी.* हा आपल्या किनाऱ्याचा खास विषय. पाहुण्याला किनाऱ्यावर लांब फिरायचं असेल तर ओहोटी सांगावी लागते: ओहोटी ‘मारे बास’, भरती ‘मारे ओत’. आजची ओहोटी चारला असेल तर उद्या ती साधारण पन्नास मिनिटं उशिरा, म्हणजे पाचच्या आसपास. ‘उद्याही याच वेळी जा’ असं सांगितलंत तर पाहुण्याला चालायला वाळू कमी आणि पाणी जास्त मिळेल. भरतीचं वेळापत्रक जेवणाच्या खोलीत लावून ठेवा.

रोज रात्री म्हणायच्या पाच ओळी

आता सगळं एकत्र. जेवणानंतर, पाहुणे खोलीत जायच्या आधी, दोन मिनिटं घ्या. सुरुवात ‘बॉंस्वार’ने. फ्रेंच माणसाशी नमस्कार न करता थेट कामाचं बोललेलं उद्धट वाटतं, ते विसरू नका.

१. दमँ मातँ, ल पती देझने ए आ वीतर. (उद्या सकाळी नाश्ता आठला.)
२. आप्रे, ऑं व्हा व्हिझिते ल फॉर द कोर्लाई. (नंतर आपण कोर्लईचा किल्ला बघणार आहोत.)
३. सी ला मेर ए काल्म, ऑनिरा आँ बातो. (समुद्र शांत असेल तर होडीतून जाऊ.)
४. झ व्हू दिरे दमँ आ सेतर. (उद्या सातला सांगते.)
५. ल दिने ए आ व्हँतर. (रात्रीचं जेवण आठला.)

बघा, पाच ओळींत तुम्ही काय केलंत. पहिली आणि पाचवी पक्की, तुमच्या हातातली. दुसरी ठरलेला बेत. तिसरी अटीवर. चौथीत अटीचं उत्तर केव्हा मिळणार याचा शब्द. पाहुणा शांत झोपतो, आणि तुम्हीसुद्धा.

उच्चार चुकणारच. चुकू द्या. कोर्लईत आजही काही घरांत पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलली जाते. पोर्तुगीजांना रेवदंडा आणि कोर्लई सोडून पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तरी ती टिकली, कारण ती चुलीपाशी, शेतात, रोजच्या कामात वापरली गेली. भाषा वापरण्यानेच जिभेवर बसते. पुढे रीतसर शिकावंसं वाटलं तर मुंबईत आणि पुण्यात आलियाँस फ्राँसेझ आहे. रोजची कामं आणि जवळचे बेत सांगणं तिथे अगदी पहिल्या पातळीवरच शिकवतात, म्हणजे हे वाचून तुमची थोडी तयारी झालेलीच आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

एका कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे तुमच्या हातातल्या गोष्टी लिहा: नाश्त्याची वेळ, गरम पाणी, चादरी, स्वतःची गाडी. उजवीकडे तुमच्या हाताबाहेरच्या: समुद्र, होडी, वीज, एसटी, ताजी मासळी. डावीकडच्या गोष्टींना दुसरी पायरी, ‘ऑं व्हा’. उजवीकडच्यांना ‘सी’ आणि तिसरी पायरी. हा कागद स्वयंपाकघरात चिकटवा.

पाहुणा फ्रेंच असो की डोंबिवलीचा, कागद तोच राहील. कारण डोंबिवलीच्या पाहुण्यालाही आपण ‘हो हो, उद्या नक्की’ म्हणतोच की! फ्रेंच शिकता शिकता आपलं मराठीतलं ‘नक्की’ जरी जपून वापरायला लागलात, तरी या धड्याचे पैसे वसूल.

पुढच्या व्हिडिओत बिल आणि पैशांचं बोलणं घेणार आहे. ‘घेणार आहे’ म्हटलंय हं, ‘बघू’ नाही. तोवर पाच ओळी पाठ करा. भेटू!